पिशवी

मी नेकनूरच्या बौद्धवाड्यातली. आई-बाप ऊसतोडीला. दिवाळी सरली की मुकादमाचा ट्रक यायचा.

माय तिशीत असंल. ओटीपोट दुखायचं. डॉक्टर म्हणाला, ‘पिशवी काढून टाका, न्हाईतर कॅन्सर हुईल.’ खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. मायनं उचल घेतली, कागदावर अंगठा उठवला. कागदात काय लिवलंय, ते कुणी वाचून दाखवलं न्हाई.

२०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. आकडा वाचून मला मायचाच अंगठा दिसला.

आता मी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पुस्तकं इंग्रजी. त्यात संमतीचा धडा आहे : ऑपरेशन कशाचं, धोका काय, दुसरा इलाज कोणता, हे रोग्याला त्याच्या भाषेत सांगायचं, मगच सही घ्यायची. त्या रात्री झोप आली नाही.

दोस्तांनो, वॉर्डात कुणी बाई अंगठा उठवायला लागली की मी विचारते, ‘आक्का, वाचून दाखवलं का कुणी?’ सिस्टर डोळे वटारतात. वटारू द्या. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हटलं, ते मायचा कागद वाचण्यासाठीच.