पाण्याचा थर

दीर्घ ज्वरातून उठल्यावर, घराबाहेर पडण्याची मुभा नसताना, बारवी धरणाची उंची वाढण्यापूर्वी टिपलेले एका पाड्याचे छायाचित्र मी संगणकावर उघडले आणि आज तेथे पसरलेल्या जलाशयाचे चित्र फोटोशॉपमध्ये त्यावर दुसरा थर म्हणून ठेवले. ‘मल्टिप्लाय’ पद्धतीत दोन्ही थरांतील तेजाचा बिंदूगणिक गुणाकार होतो. अर्ध्यावर अर्धे पडले की चतुर्थांश उरते, शुभ्र विरते, काळे अबाधित राहते. म्हणून उन्हाने पांढरी पडलेली अंगणे पाण्याच्या रंगात बुडाली, पण चिंचेची काळी आकृती तशीच उभी राहिली. ‘स्क्रीन’ लावताच सारे उलटले: चिंच नाहीशी झाली आणि अंगणे पाण्यावर उजळली. यांतले खरे कोणते, याचा निवाडा मला करवेना. धरणासाठीच्या भूसंपादनाच्या दप्तरात जमिनीचे क्षेत्र असते, मोबदल्याची रक्कम असते; चिंचेखालच्या सावलीला तेथे रकाना नसतो. उल्हासनगरात माझ्या नळाला येणारे पाणी याच जलाशयाचे, ही जाणीव त्या दुपारी फार जड वाटली. बुडालेल्या गावांची छायाचित्रे ज्यांच्या पेटाऱ्यांत असतील, त्यांनी ती दमट होण्याआधी स्कॅन करून ठेवावीत.