टाका लहान की मोठा?

आमचे घर मिरचीचे. नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरची वाळवणे, पोती भरणे, गाडी लावणे, यातच अब्बांचे आयुष्य गेले. त्यामुळे पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा आम्ही हसून म्हणालो, ‘मिरचीवाल्याला अ‍ॅसिडिटी होणारच!’ सहा महिने गोळ्या चालल्या. मग दोन घासांत पोट भरू लागले, वजन उतरले, शौचास काळे होऊ लागले. तेव्हा कुठे एंडोस्कोपी केली. जठराच्या खालच्या भागात कॅन्सरची गाठ निघाली.

रेल्वेने सोयीचे म्हणून सुरतेला नेले आणि घरात वाद पेटला. धाकटा भाऊ म्हणे, ‘ऑपरेशन दुर्बिणीनेच करायचे. चार भोके, आणि लवकर घरी.’ चाचांचे उलट: ‘हा कॅन्सर आहे, मुतखडा नव्हे. पोट उघडल्याशिवाय आत काय राहिले ते कसे कळणार?’ अम्मी तस्बीह फिरवत दोघांकडे पाहत राही. अब्बांना मात्र कुणी विचारलेच नाही.

सर्जननी दोघांचेही ऐकून घेतले. म्हणाले, वाट वेगळी असली तरी आतले काम एकच. गाठ भोवतालच्या निरोगी भागासह काढायची, जवळच्या लसिका ग्रंथी काढायच्या आणि उरलेले जठर आतड्याला जोडायचे. दुर्बिणीत रक्त कमी जाते, दुखणे कमी, माणूस लवकर चालू लागतो. पण वेळ जास्त लागतो आणि हात अनुभवी लागतो. जगण्याच्या दृष्टीने फरक किती? 2019 मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. कोरियात सुरुवातीच्या टप्प्यातील कॅन्सरमध्ये पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत शेकडा सुमारे 94 आणि 93 रुग्ण हयात होते. चीनमध्ये वाढलेल्या कॅन्सरचे हजारांहून अधिक रुग्ण होते. तीन वर्षे आजार न उलटलेले दोन्हीकडे शेकडा 77च्या आसपास. म्हणजे भाऊही चुकला नव्हता, चाचाही नाहीत.

अब्बांचे प्रकरण मात्र वेगळे होते. वीस वर्षांपूर्वी अल्सर फुटून त्यांचे पोट एकदा उघडले होते, त्यामुळे आत आतडी चिकटलेली असणार. शिवाय गाठ मोठी. डॉक्टरांनी आधी दुर्बीण घातली, पण ती फक्त पाहण्यासाठी. पोटाच्या अस्तरावर आजार पसरला नव्हता, अल्हम्दुलिल्लाह. मग दर पंधरा दिवसांनी एक अशा चार केमो, आणि त्यानंतर पोट उघडून ऑपरेशन, असे ठरले.

तेव्हा सर्जननी अब्बांना विचारले, ‘तुमचे काय म्हणणे?’ अब्बा म्हणाले, ‘टाक्याचे काही नाही. पुन्हा सज्दा करता येईल ना?’

‘येईल. पण काही आठवडे खुर्चीवर, आणि पोती उचलायची नाहीत.’

रिपोर्ट आला. तपासलेल्या 27 ग्रंथींपैकी दोनमध्ये आजार होता, कडा स्वच्छ होत्या. निदान 16 ग्रंथी तपासल्या जाव्यात, हे आम्हाला तेव्हा कळले. आम्ही टाक्यावरून भांडलो. विचारायचे हे होते. उरलेल्या चार केमोही पार पडल्या.

आता अब्बा दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खातात. रमजानमध्ये रोजे धरायचा हट्ट केला, तेव्हा मशिदीच्या मौलानांनी समजावले की आजाऱ्याला शरीअतने सवलत दिली आहे, फिदिया द्या. ते मुकाट्याने ऐकले, पण इफ्तारीच्या दस्तरखानावर सगळ्यांबरोबर बसायचे सोडले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे वजन उतरत असेल, घास जात नसेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका. आणि ऑपरेशनची वेळ आलीच, तर टाका केवढा याआधी विचारा: अशी ऑपरेशने तुम्ही किती केलीत? आमच्या माणसाला कोणती वाट योग्य, आणि का? मग खुद्द त्या माणसालाही विचारा.

परवा फजरला अब्बांनी खुर्ची बाजूला सरकवली आणि जमिनीवर सज्दा केला. उठायला थोडा वेळ लागला. आम्ही हात द्यायला पुढे झालो नाही.