मेळ

मार्च संपला की आमच्या घरून एक ठरलेला फोन येतो. "मेळ बसंना बघ."

आमच्या अण्णांचं कळंबला आडत दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. सीएच्या ऑफिसात टॅली वगैरे आहे, पण अण्णांची रोजकीर्द अजून हातानेच लिहिलेली. 31 मार्चची वहीतली बँकेची शिल्लक आणि बँकेच्या स्टेटमेंटमधली शिल्लक, दोन्ही शेजारी ठेवून ते पेन्सिलीने टिका मारत बसतात. अकरावीच्या पुस्तकात याला भारदस्त नाव आहे, 'बँक जुळवणी पत्रक'. अण्णा नुसतं मेळ म्हणतात.

2025 च्या एप्रिलमध्ये फोन आला तेव्हा वहीत होते 2,14,386 आणि बँकेत 2,33,059. फरक 18,673.

"जास्तच आहेत ना? मग टेन्शन कसलं?" मी म्हणालो. "उचंत खात्यात टाका आणि मोकळे व्हा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "कमी असते तर आपले गेले म्हणलो असतो. जास्तीचे कुणाचे तरी असतात." आणि मग हळूच, "चार दिवस झाले बसलोय. माझंच डोकं चालंना का काय, काय की."

अण्णा 71 वर्षांचे आहेत. हे दुसरं वाक्य ऐकल्यावर मी शुक्रवार रात्रीची गाडी पकडली. टेंभुर्णी, बार्शी, येरमाळा... येडाईची यात्रा आठवड्यावर आलेली, त्यामुळे येरमाळ्यात पहाटेच मंडप टाकणं चालू होतं.

आता मी पडलो इंजिनियर. सकाळी चहा घेतला, रोजकीर्दीची मार्चची पानं एक्सेलमध्ये चढवली आणि स्टेटमेंटशी जुळवणारी स्क्रिप्ट लिहिली. रक्कम तीच आणि तारीख तीन दिवसांच्या आत, की जोडी जमली. दुपारपर्यंत फक्त सहा ओळी उरल्या. वहीत असलेल्या पण बँकेत नसलेल्या तीन: 24,650 चा दिलेला चेक, 12,000 चा भरलेला चेक, 7,450 चा दिलेला चेक. बँकेत असलेल्या पण वहीत नसलेल्या तीन: 177 नावे, 3,500 जमा, 4,750 नावे.

मी जाम खूश. लॅपटॉप अण्णांसमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे कुठं राहिलं ते झालं. का राहिलं?"

च्यायला. स्क्रिप्ट संपते तिथून त्यांचं काम सुरू होतं.

त्यातले तीन सोपे निघाले. 12,000 चा चेक 31 तारखेला दुपारी भरला होता, आपण वहीत त्याच दिवशी लिहिला, बँकेने वटल्यावर एप्रिलमध्ये. 177 म्हणजे बँकेचा चार्ज, 150 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. बँक कापून घेते, आपल्याला स्टेटमेंट आल्यावर कळतं. 3,500 कुणीतरी क्यूआर कोडवर टाकलेले. मोबाईल वाजला असणार, वही दुकानात आणि अण्णा जेवायला घरी.

मग त्यांनी 7,450 वर बोट ठेवलं. "ह्यातून 4,750 वजा कर. नऊनं भाग जातो का?"

2,700. जातो. बरोबर तीनशे.

"मग अंक उलटे पडलेत."

शेजारचे दोन अंक आलटून पालटून लिहिले गेले की फरकाला नऊने भाग जातोच. दहा-अ-अधिक-ब मधून दहा-ब-अधिक-अ वजा केले की नऊ बाहेर येतो, शाळेतलंच बीजगणित. शाळेत गुणाकार पडताळायला नऊचा ताळा करायचो तो या नऊचाच भाऊबंद, आणि ताळमेळ, ताळेबंद यांतला ताळाही तोच. चेकबुकाचं अर्धुक काढलं. त्यावर स्पष्ट 4,750.

"म्हणजे मीच चुकलो," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "अहो, एवढा नऊचा नियम कुणीतरी काढून ठेवलाय तो काय तुमच्या एकट्यासाठी? सगळ्यांच्याच हातून होतं हे." ते काही बोलले नाहीत, पण पेन्सिल पुन्हा उचलली.

संध्याकाळी विषय निघाला तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. 1948 पर्यंत आमचा उस्मानाबाद जिल्हा (2023 पासून धाराशिव) निजामाच्या संस्थानात, आणि शेजारची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. संस्थानचा रुपया हाली, तिकडचा कलदार. सात हालीला सहा कलदार हा धरून चाललेला भाव. आजोबा माल बार्शीला घालायचे. तिथल्या व्यापाऱ्याच्या वहीत 600 लिहिलेले असत, आजोबांच्या वहीत तेच पैसे 700. दोन्ही आकडे खरे. दोन वह्या सारख्या दिसल्याच पाहिजेत असं आजोबांना कधी वाटलं नसणार. फरक कशाचा, हे सांगता आलं की झालं.

बँकेचंही तसंच आहे की. आपल्या वहीत बँक आपलं देणं लागते, बँकेच्या वहीत आपण तिचे सावकार. म्हणून आपल्याकडे एका बाजूला दिसतं ते तिच्याकडे दुसऱ्या बाजूला.

राहिला 24,650 चा चेक. तारीख डिसेंबर 2024. एका शेतकऱ्याच्या सोयाबीनची पट्टी, हमाली-तोलाई वजा जाता. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत सहाऐवजी तीन महिने झाली, म्हणजे हा मार्चमध्येच मेलेला. माझ्या डोक्यात लगेच उत्तर तयार: मुदत संपली, रद्द करा, रक्कम परत वहीत घ्या. अण्णा म्हणाले, "वहीत घेऊ. पण बँकेत दिसतात म्हणून आपले होत नाहीत ते. उद्या गावाला जाऊ."

रविवारी सकाळी मोटारसायकलवर गेलो. पत्र्याचं घर, दारात मावशी. अण्णांना बघून त्यांनी पदर सावरला. मालक जानेवारीत गेले होते, आम्हाला पत्ताच नव्हता. चेक मालकांच्या नावाचा. मावशींनी तो डब्यातून काढला, चार घड्या घातलेला. बँकेत विचारलं तर म्हणाले, ते नाहीत म्हणल्यावर आधी वारसाचे कागद आणा. मग तुम्ही परत घ्याल, द्यायचं नाही म्हणाल, या भीतीने त्या दुकानात आल्याच नव्हत्या.

"अण्णा, आमचे पैसे गेले का ओ?"

"जातील कशाला? माझ्या वहीत हाय की लिहिलेले."

तिथेच त्यांनी चेकवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि पावती म्हणून कागदावर लिहून दिलं, की एवढे रुपये अमक्याच्या वारसांना देणे आहेत. घरी आल्यावर रोजकीर्दीत दोन ओळी: बँकेची शिल्लक 24,650 ने वाढली, आणि तेवढीच रक्कम मालकांच्या नावाने देणे म्हणून उभी राहिली. नफ्यात छदाम नाही.

मग त्यांनी पत्रक मांडलं. वहीचे 2,14,386. अधिक 24,650. वजा 12,000. वजा 177. अधिक 3,500. अधिक 2,700. खाली 2,33,059. मी कॅल्क्युलेटर काढेपर्यंत त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

मी फोनवर सांगितलं तसं 18,673 उचंतीत टाकले असते, तर मावशींचे 24,650 त्या आकड्यात दिसलेही नसते. बाकीच्या अधिक-उण्याने ते झाकले गेले होते.

सोमवारी ऑफिसात आलो. आमच्याही सिस्टीममध्ये रात्री एक जुळवणीचा जॉब चालतो, आणि त्यात न जुळलेली बारीकसारीक रक्कम 'इतर' मध्ये ढकलणारी एक ओळ आहे. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली, कॉमेंट न टाकता. ती काढली. आता रोज सकाळी यादी येते आणि टीम मला शिव्या घालते. असो.

जूनमध्ये मावशींचे वारसाचे कागद झाले. अण्णांनी त्यांच्या खात्यावर पैसे पाठवले आणि मला फोन केला. "बँकेत आन् वहीत एकाच दिवशी पडले बघ," म्हणाले. आवाज चांगला होता.