संगणकाच्या तळघराची सहल

बालमित्रांनो, सहल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एसटीची लाल गाडी, डब्यातल्या दशम्या, खिडकीच्या जागेवरून भांडणं आणि रायगड नाहीतर अजिंठा! आज मी तुम्हाला ज्या सहलीला नेणार आहे, तिला एसटी लागत नाही आणि डबाही लागत नाही. ते ठिकाण तुमच्या शाळेत आहे, कदाचित घरीसुद्धा. रोज तुम्ही त्याच्या दारातून ये-जा करता, पण आतलं अर्धं गाव तुम्ही पाहिलेलंच नाही!

आम्ही तिथे हौसेनं गेलो नाही, बरं का. आमच्यावर वेळच तशी आली होती.

आमची शाळा मावळात, डोंगराच्या कुशीत. माझ्या वर्गात तिसरी-चौथीची मिळून सतरा मुलं. मागच्या वर्षी आम्ही एक उपक्रम केला. प्रत्येकानं आपल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणून घ्यायच्या आणि मी त्या मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. महिनाभर आम्ही घरोघर फिरलो. तेवीस रेकॉर्डिंग झाली. मोबाइल भरला म्हणून मी ती सगळी एका पेन ड्राइव्हवर ठेवली आणि मोबाइलमधून पुसून टाकली. दुसरी प्रत काही काढली नाही. ही चूक माझी, ती आधीच कबूल करते.

श्रावणात वर्गातल्या एका मुलाची आजी गेली. तिच्या सहा ओव्या आमच्याकडे होत्या. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

पुढे फोटो छापून आणायला तो पेन ड्राइव्ह मी तालुक्याच्या एका दुकानात नेला. सोमवारी शाळेच्या संगणकाला जोडला आणि बघते तर काय! प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर एक छोटा वाकडा बाण. मुलं म्हणाली, "बाई, उघडा ना!" पण तसल्या बाणावर क्लिक करायचं नसतं, एवढं मला माहीत होतं. तो खरा फोल्डर नसतो, शॉर्टकटचं सोंग असतं. क्लिक केलं की व्हायरस आपल्या संगणकात शिरतो. म्हणून आधी पेन ड्राइव्ह अँटिव्हायरसनं तपासला. सोंगं पुसली गेली. आणि पडद्यावर उरलं काय? 'हे फोल्डर रिकामे आहे' असं एक वाक्य.

वर्ग चिडीचूप. आजी गेलेला मुलगा खाली मान घालून बसला होता. ओळखीच्या एकांना फोन केला, तर ते म्हणाले, "फॉरमॅट मारा, नवा होईल." माझं बोट त्या बटणापर्यंत गेलंही होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, रिकामा आहे तर ही निळी पट्टी कशी काय?"

खरंच की! 'धिस पीसी' उघडलं की प्रत्येक ड्राइव्हच्या नावाखाली एक पट्टी दिसते. जागा किती भरली ते ती सांगते. आमच्या 'रिकाम्या' पेन ड्राइव्हची पट्टी चांगली निम्मी निळी होती. दाराला बाहेरून कुलूप, पण आतून भाकरीचा वास येतोय, तसंच हे! म्हणजे घरात माणसं होती. ती फक्त दिसत नव्हती.

मग मी ठरवलं, पेन ड्राइव्हला आत्ता हात लावायचा नाही. आधी आपल्याच संगणकात फिरून बघू. तिथे काय काय लपतं, कसं लपतं आणि दार कसं उघडतं, ते शिकू. झाली आमची सहल सुरू!

गावाचं नाव 'सी'. "ए आणि बी कुठे गेले?" हा प्रश्न आलाच. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पीसी आला, तेव्हा त्यात फ्लॉपी नावाच्या चपट्या चकत्या घालत. त्यांच्यासाठी ए आणि बी ही अक्षरं होती. १९८३ च्या नव्या पीसीत हार्ड डिस्क आली आणि तिला पुढचं अक्षर मिळालं, सी. फ्लॉपी इतिहासजमा झाल्या, पण सी तिथेच राहिला.

वेशीतून आत शिरलो. विंडोज, यूजर्स, प्रोग्रॅम फाइल्स... मोजकीच घरं दिसली. आता पहिलं दार. आमच्या संगणकावर विंडोज ११ आहे. त्यात वरच्या 'व्ह्यू'वर क्लिक करायचं, मग 'शो' आणि मग 'हिडन आयटम्स'. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'च्या पट्टीवरच 'हिडन आयटम्स'ची चौकट असते, तिच्यात बरोबरची खूण करायची.

खूण केली आणि "आलं, आलं!" असा एकच गलका झाला. पडद्यावर 'प्रोग्रॅमडेटा' नावाचं नवं घर उगवलं होतं. पण त्याचा रंग बघा, फिकट! धुक्यात उभं असल्यासारखं. लपवलेलं काही दाखवताना विंडोज ते असंच पुसट दाखवतं. या घरात सगळ्यांना मिळून लागणारं सामान असतं, गावच्या सामाईक कोठारासारखं.

यूजर्सच्या आळीत शिरलो, तर तिथेही एक पुसट घर. नाव 'डिफॉल्ट'. हा आहे नव्या घराचा साचा. संगणकावर नवा माणूस खातं उघडतो, तेव्हा याचीच नक्कल करून त्याला घर बांधून मिळतं. आमच्या स्वतःच्या घरातही एक माजघर निघालं, 'ॲपडेटा'. त्याच्या तीन खोल्या: लोकल, लोकललो आणि रोमिंग. ब्राउझरमध्ये तुम्ही खुणा करून ठेवलेली पानं, प्रोग्रॅममध्ये तुम्ही लावलेल्या आवडीनिवडी, असं सगळं इथे राहतं. एकानं विचारलं, "हे पुसलं तर?" तर प्रोग्रॅम तुमच्या सवयी विसरतील, काही तर नीट चालणारही नाहीत. म्हणून तर हे नजरेआड ठेवलंय. आई तिखटाची बरणी वरच्या फळीवर ठेवते ना, तसं!

मग आम्ही पेन ड्राइव्हमध्ये डोकावून आलो. अजूनही रिकामा! चेहरे पुन्हा पडले. पण गावात अजून एक दार होतं, तळघराचं.

वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स' उघडायचं, त्यात 'व्ह्यू'चं पान. तिथल्या यादीत एक लांबलचक ओळ असते, 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'. तिच्यापुढची खूण काढायला गेलं की संगणक दटावतो, की या फाइली पुसल्या किंवा बदलल्या तर मी बंद पडेन, नक्की काढू का? आम्ही एक शपथ घेतली: बघायचं, पण हात लावायचा नाही. मग 'येस' म्हटलं.

तळघर उघडलं! काय काय होतं म्हणून सांगू? एक 'रिसायकल बिन', नावाआधी डॉलरचं चिन्ह लावलेला. डेस्कटॉपवरची कचरापेटी हे नुसतं चित्र, खरा ढीग इथे असतो. आणखी एक गोष्ट कळली. पेन ड्राइव्हवरून पुसलेलं बहुधा या पेटीत येतच नाही, थेट जातं. तेव्हा तिथे पुसताना दहा वेळा विचार करा.

शेजारी 'हायबरफिल' नावाची भली मोठी फाइल होती, तीन जीबीच्या वर! संगणक गाढ झोपी जातो, तेव्हा त्याच्या स्मरणातलं काम इथे उतरवून ठेवतो. जागा झाला की वाचून पुढे सुरू. दुसरी 'पेजफाइल'. स्मरणशक्तीची जागा कमी पडली की जास्तीचं सामान तो इथे टाकतो. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'वर क्लिक केलं, तर आम्हाला हाकललंच, "परवानगी नाही!" संगणक बिघडला तर त्याला जुन्या चांगल्या स्थितीत नेण्याच्या नोंदी तिथे असतात.

सगळ्यांत गंमत वाटली ती 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'ची. विंडोज एक्सपीच्या काळात माणसांची घरं या आळीत होती. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं आणि सगळे यूजर्सच्या आळीत राहायला गेले. पण जुने प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर येतात ना! त्यांना वाट दाखवायला जुनी पाटी तेवढी ठेवलीय.

आता कळलं का, दोन दारं का ते? प्रत्येक फाइलीच्या कपाळावर छोट्या खुणा असतात. एक 'एच', म्हणजे लपलेली. दुसरी 'एस', म्हणजे संगणकाच्या कारभारातली. नुसती एच असेल तर पहिलं दार पुरतं. एच आणि एस दोन्ही असतील तर तळघर उघडावं लागतं. मी फळ्यावर हे लिहीतच होते, तोवर ती मागच्या रांगेतली मुलगी ओरडली, "बाई, व्हायरसनं आपल्या फोल्डरला दोन्ही खुणा लावल्या असतील!"

पेन ड्राइव्ह उघडला. 'आजीच्या ओव्या'. पुसट, पण होता! आत तेवीसच्या तेवीस फाइली. मुलांनी असा काही जल्लोष केला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी काय झालं म्हणून बघायला आले.

पण खुणा पुसायच्या राहिल्या होत्या. उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये पाहिलं, तर 'हिडन'ची चौकट करडी पडलेली, हलेचना. एस खूण असली की असंच होतं. मग काळ्या पडद्याचा 'कमांड प्रॉम्प्ट' उघडला आणि 'अॅट्रिब' ही जुनी आज्ञा दिली. तिच्यापुढे उणे एच, उणे एस आणि फोल्डरचं नाव. एंटर दाबला आणि फोल्डर धुक्यातून बाहेर आला, स्वच्छ पिवळा!

मग त्या मुलाला मी विचारलं, "लावू का?" त्यानं मान हलवली. आधी जात्याची घरघर आली, मग आजीचा आवाज. मध्येच ती थांबून म्हणते, "बाळा, चालू हाय का रं ते?" तिथे तो हसला. त्या दिवशी पुढचा गणिताचा तास झालाच नाही.

त्याच दुपारी आम्ही तीन प्रती केल्या. एक शाळेच्या संगणकात, एक माझ्या घरी आणि एक त्या मुलाच्या वडिलांच्या मोबाइलवर. तळघराचं दार पुन्हा लावून घेतलं, लहानग्यांचा चुकून हात लागू नये म्हणून.

तर दोस्तांनो, या सहलीला जाणार असाल तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. काही हलवू नका, पुसू नका, आणि परतताना दारं लावा. पालकांनाही एक सांगायचंय. फोल्डर लपवला म्हणजे कुलूप लावलं असं समजू नका. आमच्या तिसरीच्या मुलांनी दोन्ही दारं उघडली, तर बाहेरच्याला कितीसा वेळ लागेल? आणि पडद्यावर काही दिसेनासं झालं, तर ते गेलंच असंही लगेच समजू नका. फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी एकदा ती निळी पट्टी बघा!