ओळीत उभे राहा

मुरबाडच्या वैशाखऱ्याजवळून नाणेघाट चढताना घरच्यांचा धीर सुटत चालला होता. वर गुहेपाशी मात्र सगळे केस सारखे करून फोटोला ओळीत उभे राहिले. ढग उतरलेले. अशा उजेडात चेहरे छान येतात, डोळ्यांखाली दुपारची काळी सावली पडत नाही. फक्त धुक्याला कॅमेरा राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर जरा वाढवावं लागतं.

ते वाढवता वाढवता नजर आतल्या भिंतीवर गेली. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी इथं आपल्या घराण्याच्या मूर्ती कोरवल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजकुमार. आज वर ब्राह्मीतली नावं आणि खाली कुठं कुठं पावलांच्या खुणा, एवढंच. तेही असेच ओळीत उभे असणार. का कोण जाणे, गलबलून आलं.

मग 'हसा' म्हणायचं राहूनच गेलं. आई चपलेतला खडा काढत होती, धाकटी तिला धरून उभी. तेव्हा बटण दाबलं. ओळीतल्या फोटोपेक्षा हा कितीतरी जिवंत आलाय. तुम्हीही काढा असे फोटो. आणि त्यातले निवडक छापून त्यांच्या मागे माणसांची नावं, गाव, तारीख तेवढी लिहून ठेवा.