सभागृहाची डावी बाजू

मेळाव्याच्या फोटोंचा पेनड्राइव्ह आला आणि मी चहाचा कप घेऊन बघायला बसले. एकूण 1,146 फोटो. पाहुणे गाडीतून उतरताना 38. दीपप्रज्वलनाचे 64: वात पेटताना, काडी विझताना, दुसरी काडी मागताना. शाल-श्रीफळाचे दीडशेच्या वर. आणि ज्यांच्यासाठी मेळावा होता, त्या भोर तालुक्यातल्या बचत गटांच्या दोनशे बायका? अंबाडे, गजरे आणि डोक्यावरचे पदर. सभागृहाच्या मागून स्टेजकडे रोखलेल्या फोटोंत त्या सगळ्या होत्या, पण पाठमोऱ्या.

व्हिडिओची तीच गत. नाचणीच्या पापडांचा धंदा उभा करणाऱ्या एका काकूंनी सहा मिनिटं भाषण केलं होतं. लोक हसले होते, दोघी-तिघी रडल्याही होत्या. व्हिडिओत मात्र काकूंपेक्षा छताचा पंखाच जास्त बोलत होता. कॅमेरा शेवटच्या रांगेमागे आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माईकवर घेतलेला. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घेतली असती तर काम झालं असतं. पण हे आधी सांगायचं असतं, हे मला कुठे ठाऊक होतं?

तोवर आमच्याकडे फोटो काढायचे ते हिशेब बघणारे काका, मोबाईलवर. पण 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यामुळे मार्च आला की देणगीदार कंपनीला अहवाल हवा असतो, आणि अहवालात फोटो. त्या वर्षी निरोप आला, ‘फोटो जरा प्रोफेशनल असू द्या.’ मी तीन कोटेशनं मागवली. पहिलं कंपन्यांचे कार्यक्रम करणाऱ्या स्टुडिओचं, ड्रोनसकट. तो आकडा बघून खजिनदारांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. दुसऱ्याला तारीख जमत नव्हती. तिसरा लग्नाचे फोटो काढणारा तरुण मुलगा. ‘ताई, सामाजिक काम आहे, समजून घेऊ,’ म्हणाला. मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या : किती वाजता येणार आणि किती घेणार.

फोटो बघून मी त्याला फोनवर चांगलंच झापलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, लग्नात आम्हाला निदान सांगतात, आजीचा घे, मामांना विसरू नको. तुमच्याकडे कुणी काहीच सांगितलं नाही. लाइट स्टेजवर, फ्लेक्स स्टेजवर, माईक स्टेजवर. मग मीपण स्टेजच धरून बसलो.”

फोन ठेवून मी कार्यक्रमपत्रिका काढली. साडेतीन तासांच्या कार्यक्रमात बायकांच्या वाट्याला आली होती ती काकूंची सहा मिनिटं. बाकी प्रास्ताविक, सत्कार, मनोगतं, आभार. पोराने आमचा मेळावा हुबेहूब टिपला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. दोन दिवसांनी गटातल्या एका बाईचा फोन आला. फोटोवाल्याने कार्यक्रमाच्या रात्रीच आपल्या इन्स्टाग्रामवर रील टाकलं होतं. त्यात ही जेवणाच्या पंगतीत हसताना चारेक सेकंद दिसत होती आणि खाली गावाचं नाव होतं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती बहिणीकडे येऊन राहिली होती. ती कुठे आहे, हे सासरच्यांना माहीत नव्हतं.

त्याने दहा मिनिटांत रील काढलं, माफीही मागितली. “चांगलं काम झालं की टाकतो आम्ही. त्यावरच पुढच्या ऑर्डरी येतात,” म्हणाला. त्याच्या धंद्याची रीतच ती, आणि टाकू नको असं आम्ही सांगितलंच नव्हतं. मी तिला भेटायला गेले. तिने चहा केला, रागावली नाही. “तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, ताई. पण मी आता कार्यक्रमाला नाही यायची.” रागावली असती तर बरं झालं असतं.

आमच्या विश्वस्तांमध्ये एक वकीलबाई आहेत. त्यांनी सांगितलं, 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक म्हणजे काम देणारा, वेगळा करार नसेल तर. “म्हणजे ते हजारभर फोटो तुमचे. मग त्यांतली माणसं सांभाळायची कुणी?” पुढे असंही म्हणाल्या, की बालगृहातल्या मुलांचा कार्यक्रम असता आणि त्यांचे चेहरे असे जगजाहीर झाले असते, तर 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 लागलं असतं. त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे.

पुढच्या वर्षी मी त्याच मुलाला बोलावलं. खजिनदार चकित झाले, त्यातून मी जास्त पैसे मंजूर करून घेतले तेव्हा तर फारच. पण आमच्या कार्यक्रमाबद्दल खरं बोललेला तोच एकटा होता. या वेळी त्याच्याशी दोन तास बोलले आणि एका कागदावर सगळं लिहून दोघांनी सह्या केल्या. कोणत्या गटाचं काय काम आहे, कोण बोलणार आहे, बरोबरचा दुसरा माणूस कुठे उभा राहील. हॉल सोडण्याआधी प्रत्येक कार्डाच्या दोन कॉप्या. विचारल्याशिवाय काहीही कुठेही टाकायचं नाही. निवडक दहा फोटो आम्हीच त्याला त्याच्या पेजसाठी देऊ. आदल्या दिवशी तो हॉल बघायला आला. चाचणीच्या व्हिडिओत ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसले. “आपली वीज 50 हर्ट्‌झची, शटर एक पन्नासांशवर ठेवतो,” म्हणाला. पट्टे गेले. मिक्सरची वायर त्याने स्वतःच मागून घेतली.

आम्हीही आमचा कागद बदलला. सत्कार एकच. समई बायकांनीच लावायची. खुर्च्या अर्धगोलात आणि बोलायला गटांना तास-दीड तास. दारात प्रत्येकीला विचारलं, फोटो चालेल का? ज्यांना नको त्यांनी डावीकडे बसायचं. त्या वेगळ्या उठून दिसू नयेत म्हणून आम्ही कार्यकर्तेही त्यांच्यातच बसलो. फोटोवाल्याला सांगितलं होतं, डावीकडे भिंत आहे असं समज.

या वेळी 612 फोटो आले. हिशेबाची वही उघडून भांडणाऱ्या दोघी, पापडाचा डबा काखेत घट्ट धरलेली आजी, आणि काकू, आवाजासकट. आठवड्याने कंपनीतून फोन आला. “साहेबांचे फोटो जरा कमी वाटतात.”

“तीन आहेत,” मी म्हटलं, “आणि तिन्ही छान आहेत.”

सभागृहाची डावी बाजू मात्र एकाही फोटोत नाही. तिथे तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी कोण बसलं होतं, ते अहवालात कुठेच दिसणार नाही.