नाळेचा वेढा

1976 साली लग्न होऊन मी शहापुरातल्या एका विणकराच्या घरात आले. सोप्यात दोन हातमाग, मागच्या पडवीत चरखा. बाप्यांनी मागावर बसायचं आणि बायकांनी कांड्या भरायच्या, हा घरोघरचा रिवाज. मला दिवस गेले तरी कांड्या भरणं सुटलं नाही. सुटणार कसं? कांडी थांबली की धोटा थांबतो, आणि धोटा थांबला की चूल.

1978 च्या श्रावणात घरीच बाळंत झाले. मुलगा झाला, पण रडला नाही. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. सुईणीने ते सोडवले, पाठ चोळली, पाय धरून उलटा केला. मग माझ्याकडे न बघता ती सासूबाईंना म्हणाली, "पोटुशीनं सूत गुंडाळू नये म्हणतात, ते ह्याच्यासाठीच."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवडाभराने चरखा जावेच्या पुढ्यात गेला, एवढंच. तेव्हापासून मी मनाशी धरून बसले, की माझ्या लेकराचा गळा माझ्याच हातांनी आवळला.

1982 साली मुलगी झाली. ती शिकली, नोकरीला पुण्याला गेली, लग्न झालं. 2011 साली पहिलटकरीण म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली, आणि मी तिला अक्षरशः बांधून घातलं. दोरीवरचे कपडे काढू नकोस, हात वर करू नकोस, लोकर हातात घेऊ नकोस, दावं ओलांडू नकोस. ती हसायची. "आई, गोठा जाऊन वीस वर्षं झाली. दावं आणायचं कुठून?" मी चिडायचे, पण कारण सांगत नव्हते. तिच्याआधी तिला एक भाऊ झाला होता, हे तिला ठाऊकच नव्हतं.

नववा महिना लागला तेव्हा सोनोग्राफी करायची ठरली. त्या अंधाऱ्या खोलीत मी तिच्या उशाशी उभी होते. पडद्याकडे बघत डॉक्टरीणबाई शेजारच्या सिस्टरशी कानडीत काहीतरी बोलल्या. त्यातले 'कुत्तिगी सुत्त' हे दोन शब्द नेमके माझ्या कानात शिरले. गळ्याभोवती. माझे हातपाय गार पडले.

माझा चेहरा बघून बाईंनी मला स्टूलवर बसवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा काकू, ही मान. हिच्यामागे नाळेचा एक वेढा दिसतो." त्यांनी एक बटण दाबलं तशी मानेभोवती तांबडी-निळी रेघ उमटली. रक्त यंत्राकडे येतं की दूर जातं, एवढंच ते रंग सांगतात, म्हणाल्या. "रक्त छान वाहतंय. दर चार-पाच बाळांतलं एक असा वेढा घेऊनच जन्माला येतं."

"गळा आवळला तर?"

"बाळ पोटात नाकाने श्वास घेत नाही, काकू. त्याचा प्राणवायू नाळेतून येतो. म्हणून गळ्यापेक्षा नाळ दबते का, ते आम्ही बघतो." नाळ साधारण हातभर लांब, 50 ते 60 सेंटीमीटर. आत तीन रक्तवाहिन्या, आणि त्या सहज दबू नयेत म्हणून भोवती खळीसारखा चिकट थर. बाळ पाण्यात कोलांट्या घेतं, तेव्हा वेढा पडतो आणि पुष्कळदा आपोआप सुटतोही. आज दिसला तो उद्या नसेल. तो किती घट्ट आहे ते पडद्यावरून नेमकं कळत नाही, आणि तेवढ्यासाठी पोट फाडायचं कारण नाही. मग त्या मुलीकडे वळल्या. "डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. कमी वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री-अपरात्री यायचं."

मला राहवलं नाही. "बाई, पोटुशीनं सूत गुंडाळलं तर वेढा पडतो का?"

त्या हसल्या नाहीत. "आईच्या हातांचा आणि ह्याचा काही संबंध नाही."

मग मी तेहेतीस वर्षांत प्रथमच ते सगळं सांगितलं, मुलीसमोर. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तेव्हा काय झालं ते आज मी सांगू शकणार नाही. रक्तदाब, साखर, वार, कशाचीच तपासणी झाली नव्हती. वेढे डोळ्यांना दिसले म्हणून त्यांच्यावर आलं. घट्ट वेढ्याने क्वचित दगा होतोही. पण तुमच्या हातांनी तो झाला नाही, एवढं खात्रीने सांगते."

सिस्टर पोटावरचं जेल पुसत होती. ती म्हणाली, "आमच्यात नाळेला होक्कुळबळ्ळी म्हणतात, काकू. बेंबीची वेल. वेल म्हटल्यावर वेढे घेणारच की!"

रिक्षात मुलीने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. घर येईपर्यंत दोघी बोललो नाही.

पंधरा दिवसांनी नात झाली. कळा चालू असताना ठोक्यांचा कागद यंत्रातून सरकत होता, मी बाहेर बाकावर होते. वेढा होताच. डोकं बाहेर येताच तो बोटाने अलगद सैल करून डोक्यावरून काढला, असं मागाहून कळलं. मी ऐकलं ते फक्त तिचं रडणं.

माग केव्हाच गेले. चरख्याचं चाक माळ्यावर होतं, ते मी खाली काढून पुसून ठेवलं. मुलासाठी म्हणून तेवढंच करता आलं.

घरात कुणी पोटुशी असेल तर तिला सूत गुंडाळू द्या, हात वर करू द्या. दोरी-दाव्याची उठाठेव नको. रोज एवढंच विचारा, आज बाळ नेहमीसारखं हललं का? आणि नाही म्हणाली, तर तिथूनच तिला घेऊन दवाखाना गाठा.